तरीवरच्या नवरीचा शेवट

मालगुंड, ६ जानेवारी

आणि वर कार्यक्रमात सगळ्यांसमोर "माझे स्वतःचे वडील" असं म्हणालास. नाव घेतलं नसतंस तर मी गप्प बसले असते. पण तू रावजी ऑपरेटर, तंबूतल्या सिनेमाचे, मालगुंडचे, असं सगळं पत्त्यासकट सांगितलंस. दारूच्या नशेत त्यांनी 'तरीवरची नवरी'चा शेवट कापून टाकला आणि एक मोठा सिनेमा कायमचा लंगडा केला म्हणालास. विनीत, बापाला चव्हाट्यावर उभं करायचं होतं तर आधी घरी येऊन एक शब्द विचारायचास.

फोन करत नाही, कारण मागच्या वेळी तू अर्ध्यात ठेवलास. पत्र निदान घरात पडून तरी राहतं. माझी चौथी झाली आहे, शुद्धलेखन काढू नकोस.

कसं झालं ते ऐक. शेजारची कौसर कौतुकाने फोन घेऊन आली. "नाना, तुमचा विनीत बोलतोय तुमच्याबद्दल." बाबांना आता दिसत नाही, उजेड आणि काळोख तेवढा कळतो. पण कान शाबूत आहेत. पडवीत बसले होते, हातातला चहा खाली ठेवला आणि मान पुढे काढून ऐकायला लागले. तुझा आवाज आला म्हणून आधी हसले. मग ते आलं. कौसर बिचारी कावरीबावरी झाली, बंद करायला गेली, तर म्हणाले, परत लाव. तेवढंच वाक्य परत लाव. तिने लावलं. मग भिंतीला हात लावत आत गेले ते आजपर्यंत पडवीत आले नाहीत. पेज तेवढी पितात. मासे नको, भाकरी नको. दवाखान्यातला डॉक्टर म्हणतो आजार काही नाही, पण चौऱ्याऐंशीच्या माणसाने खाणं सोडलं तर तो किती दिवस काढणार. हे तुझं काम.

तुझे सगळे कार्यक्रम मी बघते. खानावळीत भाकऱ्या थापताना कौसरचा फोन डब्याला टेकवून लावते. तुला कळतं असं लोक म्हणतात. मला नाही वाटत. 'फणसाखालचा चोर' तू पोरकट म्हणालास. अरे, गणपतीपुळ्याला आम्ही तो सहा दिवस लावला आणि बायकांची बाजू रोज भरली. का? कारण चोर पोलीस पकडत नाही, भावजय पकडते, विळीवर बसल्या बसल्या. एका हाताने नारळ खवते आणि दुसऱ्या हाताने त्याची शेंडी धरते. ते तुला दिसलंच नाही. आणि 'ओसाड पायरी' म्हणे थोर. त्यात माणूस पायरीवर बसतो, उठतो, परत बसतो. एकच खेळ लावला आम्ही. लोकांनी तंबूच्या खुंट्या उपटल्या. बाबा म्हणाले होते, फोटो चांगले आहेत पण सिनेमा नाही. तू ते अर्धा तास बोललास, बाबांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

'तरीवरची नवरी'वर तू पहिल्यांदा दिवाळीत बोललास, तेव्हा तर तुला तो शेवट आभाळाएवढा वाटला होता. बाई तरीत, खाडी ओलांडायच्या होडीत उभी, मागचा किनारा गेला, पुढचा आला नाही, आणि समाप्त. नवऱ्याकडे परतणार की नाही ते सांगतच नाही. असा शेवट करायला दिग्दर्शकाला छाती लागते म्हणालास. अकरा मिनिटं. मी ती अकरा मिनिटं चार वेळा ऐकली. का ते सोड.

आता म्हणतोस की सरकारी दाखल्यावर लांबी जास्त आहे, तुझ्या हाती लागलेल्या प्रिंटमध्ये तीनशे चाळीस फूट कमी आहे, म्हणजे खरा शेवट दुसराच होता आणि बाबांनी तो कापला. तर ऐक. बाबांनी कापला नाही. तीस वर्षं मशीन चालवलं, एक चौकट कधी फुकट घालवली नाही. तो प्रिंट कुठल्या कुठल्या तंबूतनं आला होता, किती हात लागले होते, देव जाणे. कोणी कापला ते मला ठाऊक नाही.

सोळा फेब्रुवारीला तू रत्नागिरीत तो सिनेमा लावणार आहेस, हॉल घेतलास, पत्रिका आली. त्याच्या आधी ते बोलणं काढ.

सगुणाताई


मालगुंड, १३ जानेवारी

तू पाठवलेला चिठ्ठीचा फोटो कौसरच्या फोनवर आला. बघितला. अक्षर बाबांचंच आहे.

ती चिठ्ठी मी आधी कधी पाहिली नव्हती, हे खरं सांगते. शेवटच्या रिळाच्या डब्यात मिळाली म्हणतोस, मिळणारच. ऑपरेटर लोकांची ती रीतच होती. प्रिंट पुढच्या गावाला जाताना डब्यात चिठ्ठी टाकायची, पुढच्या माणसासाठी. "तिसऱ्या रिळाची भोकं फाटली आहेत, जपून." "पाचव्यात गाणं तुटलंय, आवाज उडी मारतो." कोण कुठला ऑपरेटर, तोंड कधी बघितलेलं नसायचं, पण एकमेकांना खोटं लिहायचे नाहीत. बाबा मला वाचून दाखवायचे. माझं वाचन शाळेत कमी आणि त्या चिठ्ठ्यांवर जास्त झालं.

आणि यात लिहिलंय, "शेवट मी कापला. प्रिंट वाटेत तुटलेला नाही, कंपनीने दुसऱ्या कोणाला धरू नये. रावजी, हेदवी."

म्हणून तू म्हणतोस, ताई, पुरावा आहे, मी काय खोटं बोललो? बरं. चिठ्ठी खरी. पण तिच्यात दारू कुठे आहे? ती तू घातलीस. बाबा प्यायचे, मी नाकारत नाही. तू बारा वर्षांचा होतास, तुला डोंबिवलीला मामाकडे सोडायला आले तेव्हाही तोंडाला वास होता, ते तुझ्या मनात बसलंय. पण ते पुढच्या पावसाळ्यातलं. तंबूच्या मालकांनी काढून टाकल्यावरचं. शेवट कापला गेला माघात, तेव्हा बाबा थेंब घेत नव्हते. तू रिळं मागेपुढे लावलीस. पाचवं आधी दाखवलंस आणि दुसरं नंतर, आणि लोकांना म्हणालास बघा कसा माणूस होता.

काम गेलं म्हणून प्यायले. प्यायले म्हणून काम गेलं नाही.

मग काम कशाने गेलं असं विचारशील. कापल्यामुळे गेलं. वितरकाचा माणूस प्रिंट मोजून घ्यायला आला आणि कमी भरला, तेव्हा गेलं. आणि त्यानंतर तुझी रत्नागिरीची शाळा सुटली, तू मामीच्या घरी धुणी धुतलीस, हे सगळं मला माहीत आहे. आई जाईपर्यंत तेच बोलत राहिली.

तुझं म्हणणं, मग कापला का त्यांनी, एवढं तरी विचारून सांग.

विचारायला गेले होते. काल दुपारी त्यांच्या खाटेशी बसले. त्यांनी माझ्या पावलांवरनं ओळखलं, म्हणाले, "बाय, काय गो?" मी म्हटलं, पेज आणू का. उठून आले.

मला थोडे दिवस दे. मधल्या काळात नवीन काही बोलू नकोस. मुंबईत तू काय बोलतोस ते इथे आमच्या पडवीत येऊन पडतं.

सगुणा


मालगुंड, २२ जानेवारी

विनीत, मी कापला.

दोनदा लिहून फाडलं, आता फाडत नाही. छत्तीस वर्षं मला वाटत होतं की हे एकट्या मला ठाऊक आहे. तुझी ती चिठ्ठी बघितली आणि कळलं की बाबांनाही ठाऊक होतं.

तू तेव्हा रत्नागिरीला शिकत होतास, तुला कोणी नीट सांगितलं नसणार. माझं लग्न हेदवीला झालं होतं, चार महिने नांदले. मी डावरी. डाव्या हाताने जेवते, डाव्या हाताने वाढते, हे सासूला अपशकुनी वाटायचं. एक दिवस तिने तो हात धरून चुलीच्या तोंडावर ठेवला. नवरा दारात उभा होता, बघत होता. मी तरीत बसून खाडी ओलांडली आणि तंबू होता तिथे आले, बाबांकडे. आईने हळद लावली आणि रडली, आणि आठ दिवसांनी म्हणाली, आता जायला हवं. बाबा काही म्हणाले नाहीत. तंबूत मी आधीपासून तुटलेली फिल्म जोडायचं काम करायची, तेच परत करायला लागले.

माघी गणपतीला तंबू हेदवीलाच लागला. 'तरीवरची नवरी' तिथे लावली. तू तिचा खरा शेवट शोधतोयस ना, मी सांगते. तिला नवरा मारतो, ती तरीत बसून निघते. इथपर्यंत तू बघितलंस. पुढे ती पलीकडे उतरतच नाही. तरी वळवायला लावते. नवरा धक्क्यावर उभा असतो. ती त्याच्या पायावर पडते, केस सोडून त्याचे पाय पुसते, म्हणते चुकले धनी. तो हात वर करून क्षमा करतो. मग पाठीमागे देवळाची घंटा.

सिनेमा म्हणून सांगते, भाऊ म्हणून नाही, ते वाईट होतं. ती बाई पाच रिळं एकदाही रडत नाही. नुसती बघते. भांडी घासताना बघते, मार खाताना बघते. तिचं सगळं काम डोळ्यांत आहे. तीच बाई शेवटी अशी लोळण घेईल? दिग्दर्शकाला आधीची बाई कळली होती, शेवट त्याच्याकडून कोणीतरी करून घेतला असणार. ज्याचे पैसे लागले त्याने, नाहीतर कोणा साहेबाने. मी पहिल्या दिवशी बघितला तेव्हाच म्हटलं, हा शेवट या बाईचा नाही.

पण मी काही सिनेमा सुधारायला ब्लेड घेतलं नव्हतं. सासूने गुहागरला हा सिनेमा बघितला होता. तिने निरोप पाठवला की तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे खेळाला येतो, पोरीलाही बायकांच्यात बसवा, सिनेमा संपला की तिथेच ओटी भरून घेऊन जातो. सगळ्या गावासमोर. आईने हो म्हणून सांगितलं.

त्या दुपारी बाबा मशीनच्या दिव्याला लागणाऱ्या कार्बनच्या कांड्या आणायला गेले होते. शेवटचं रीळ माझ्यासमोर, जोडायला म्हणूनच ठेवलेलं. मी ते सोडलं, उन्हात धरून बघत गेले. तरी वळते त्याच्या आधी कापलं. 'समाप्त' लिहिलेली पट्टी पुढनं काढून आणली, खरवडली, चिकटवली. हाताला फडकं बांधलेलं होतं. तुकडा तिथेच टेबलाखाली टाकला.

खेळ झाला. बाई तरीत उभी, आणि समाप्त. पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या, पुढचं दाखवा, रीळ खाल्लं म्हणून ओरडा. बायकांच्या बाजूला कोणी हललं नाही. माझ्या पुढे एक म्हातारी होती, डोक्यावरचा पदर सारखा करत ती शेजारणीला म्हणाली, "गेली बाय. बरा झाला." एवढंच. सासू नारळ आणि खण घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. ओटी भरायची तर समोरच्या बाईने पदर पुढे करावा लागतो. मी केला नाही. ती हात पुढे करून उभी, मी पदर खोचून उभी, आणि सगळ्या बायका बघत होत्या. बाबा मशीनवरनं उतरून आले. सासऱ्याला म्हणाले, "पोर येणार नाही." पुढे कधीही नाही असं नाही म्हणाले. पण त्यानंतर मला कोणी पाठवलं नाही.

काल मी बाबांना विचारलं. सरळच विचारलं, चिठ्ठीत तुम्ही खोटं का लिहिलंत. खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "जोड तिरका होता. मशीनमधनं जाताना टक् वाजला. तुझा जोड मी ऐकून ओळखायचो." म्हणजे समाप्त दिसायच्या आधी त्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी टेबलाखालचा तुकडा त्यांनी उचलला. परत जोडता आला असता, पाव तासाचं काम. नोकरी राहिली असती, तुझी शाळा राहिली असती. हेदवीत अजून तीन खेळ व्हायचे होते. त्यांनी जोडला नाही.

मी म्हटलं, मग निदान वितरकाच्या माणसाला तरी तुकडा द्यायचा होता. म्हणाले विसरलो, आणि भिंतीकडे तोंड केलं.

तुकडा आहे. पत्र्याच्या ट्रंकेत, आईच्या लुगड्याखाली, बिस्किटाच्या डब्यात. मला माहीत नव्हता, रात्री त्यांनीच जागा सांगितली. डबा उघडला तर आंबूस वास आला. खिडकीशी धरून बघितला, ती बाई अजून पायावर पडलेलीच आहे.

तर तुझी शाळा मी घालवली. शिव्या द्यायच्या असतील तर पत्ता हा आहे. पण बाबांना दारुडा म्हणालास ते परत घे. आणि आभाळाएवढा वाटला होता तो शेवट माझा आहे, तेही लक्षात असू दे.

सगुणा


मालगुंड, २ फेब्रुवारी

तुझा निरोप आला. कौसरने वाचून दाखवला, मी तिला दोनदा वाचायला लावला, वाटलं पुढे अजून काही असेल. "ताई, तुकडा उन्हात ठेवू नकोस, पाणी लावू नकोस, डब्याचं झाकण किलकिलं ठेव. मंगळवारी माणूस पाठवतो."

बस. मी तुला बापाबद्दल लिहिलं. माझ्या हाताबद्दल लिहिलं, जे मी आईशीही कधी बोलले नाही. तू फुटांबद्दल विचारतोस. बाबा कसे आहेत हा एक शब्द नाही. कौसरची मान खाली गेली रे. परक्या पोरीची.

आणि खरं सांगू, राग आला तरी मला नवल वाटलं नाही. कारण मीही तशीच आहे. हेदवीला सासू समोर ओटी घेऊन उभी होती तेव्हा माझ्या मनात एक कोपरा होता जो म्हणत होता, समाप्तची पट्टी थोडी आधी आली, बाईचा चेहरा अजून दोन श्वास राहायला हवा होता. आपल्या दोघांना हा रोग बाबांकडनं आलाय. पण रोग असला म्हणून माणसाने बापाला पडद्यासारखं लांबनं बघू नये.

काल माघी गणपती झाला. बाबा दोन घास मोदक खातील म्हणून केले. नाही खाल्ले. मग मीच तुझा निरोप त्यांना सांगितला, लपवला नाही. माणूस येतोय, डबा द्यायचा का विचारलं. त्यांनी विचारलं, "विनीत येत नाही?" म्हटलं, नाही. म्हणाले, "ऑपरेटर माणसाच्या हाती रीळ देत नाही, ज्याला लावायचंय त्याच्या हाती देतो. त्याने मागितलं तर देईन." आणि डबा खाटेवर मागवून घेतला. आता उशाशी आहे. मंगळवारी तुझा माणूस आला तर चहा मिळेल, दुसरं काही मिळणार नाही.

कौसर म्हणते, ताई, देऊन टाका, त्याची इज्जत आहे, हॉल घेतलाय त्याने. मी तिला म्हटलं, इज्जत एकट्याची नसते.

तर माझं काय म्हणणं आहे ते लिहिते, परत लिहिणार नाही.

तू इथे ये. एकटा. बाबांच्या खाटेशी बस. तुझा आवाज ऐकून त्यांनी खाणं टाकलं, तुझ्याच आवाजाने ते परत खातील, माझ्या समजावण्याने नाही, मी महिनाभर करून बघितलं. त्यांना सांग की दारूचं तू मनाने घातलंस. माफी असा शब्द वापरायचा नसेल तर वापरू नकोस, त्यांना कळेल. मग डबा माग.

आणि सोळा तारखेला हॉलमध्ये पडदा उजळायच्या आधी सांग की रावजी ऑपरेटरने हा सिनेमा कापला नाही, त्यांच्या मुलीने कापला, सगुणाने, आणि का कापला ते सांग. हेदवीच्या घराचं नाव त्यात आलं तर येऊ दे. ती माणसं अजून आहेत, वाईट वाटेल त्यांना, वाटू दे. मी पहिल्या रांगेत बसेन, बाबांना घेऊन. नंतर तुकडा जोडून दाखव नाहीतर न जोडता दाखव, ते तुझं तू बघ. माझं मत तुला ठाऊक आहे. पण ते आता मी तुझ्यावर लादणार नाही, एकदा एका सिनेमावर लादलं तेवढं पुरे झालं.

तू आला नाहीस तरी मी येणार आहे. रिक्षा सांगून ठेवलीय. तुझं भाषण सुरू व्हायच्या आत उभी राहीन आणि चौथी शिकलेल्या बाईला जेवढं बोलता येतं तेवढं बोलेन. तेव्हा मला खाली बस म्हणायला कोणाला पाठवू नकोस.

बाबांचं अंग उतरलंय. काल पाठ पुसताना हाताला नुसती हाडं लागली. सोळा तारीख लांब आहे, मला तितका धीर नाही आणि त्यांच्याकडे तितकी ताकद आहे की नाही सांगता येत नाही. म्हणून उत्तर शनिवारपर्यंत दे, आठ तारखेपर्यंत. लिहून नको. कौसरला निरोप नको. संध्याकाळी सहा वाजता फोन कर, मी तो उचलून काही न बोलता त्यांच्या कानाला लावणार आहे. येतोस की नाही ते त्यांनाच सांग.

सगुणा